काटा कधी चढतो?

जुन्या पेट्रोल जीपमधलं इंजिन उतरवून तिथे डिझेल इंजिन बसवण्याची रीत आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आली आहे. विलीजच्या आराखड्यावरून महिंद्रने भारतात बनवलेल्या या जीपमध्ये मुळात १३४ घन इंचांचं, म्हणजे साधारण २,२०० सीसीचं, चार सिलिंडरांचं पेट्रोल इंजिन असे. पेट्रोलचा खर्च परवडेनासा झाला तशा मालकांनी त्याच्या जागी डिझेल इंजिनं चढवली. कोणी महिंद्रच्याच पुढच्या जीपमधलं, प्यूजो कंपनीच्या परवान्यावर बनलेलं २,११२ सीसीचं इंजिन घेतलं, कोणी जुन्या बाजारात मिळेल ते घेतलं. नवं माउंटिंग वेल्ड होतं, गिअरबॉक्सशी जुळवाजुळव होते. आरटीओची परवानगी आणि आरसी बुकातली नोंद हाही या कामाचाच भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाकडे दुर्लक्ष करून गाडी रस्त्यावर आणणारा पुढे अडचणीत येतो. एवढं सगळं झाल्यावर गाडी गावात उत्तम चालते. मग पहिला लांब घाट लागतो, अर्ध्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो, आणि गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडावं लागतं.

अशा गाडीला गॅरेजमध्ये मिळणारा पहिला सल्ला जवळपास ठरलेला असतो: इंजिन बदललं, आता रेडिएटर कमी पडतोय, मोठा टाका. सल्ला ऐकायला सरळ वाटतो, पण त्यात निदान कुठेच नाही. गाडी गरम होते हे लक्षण आहे, आणि त्यामागे निदान दहा वेगवेगळी कारणं असू शकतात. मूळ गाडीत इंजिन, पंप, पुली, फॅन, रेडिएटर, होज पाइप आणि थर्मोस्टॅट हे सगळं एकाच आराखड्यात एकमेकांच्या मापाने ठरलेलं असतं. इंजिन बदललं की यातले निम्मे भाग नव्या इंजिनाबरोबर येतात, निम्मे जुन्या गाडीचे राहतात, आणि त्यांच्यातला मेळ तुटतो. तो नेमका कुठे तुटला हे शोधायला विकत आणलेला एकही सुटा भाग लागत नाही. लागतं ते एका प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर: काटा कधी चढतो? उभ्या गाडीत, घाटात हळू चढताना, हमरस्त्यावर वेगात, की इंजिन बंद केल्यानंतर? या चार वेळांना चार वेगळे अर्थ आहेत, आणि पैसे खर्च करण्याआधी तो अर्थ वाचला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

त्याही आधी एक शंका फेडून घ्यावी लागते: गाडी खरोखर गरम होते आहे का? मूळ गाडीत तापमानाचा सेन्सर आणि डॅशबोर्डवरचा काटा ही जोडी असते. तापमान वाढलं की सेन्सरचा विद्युत रोध किती कमी होईल आणि त्यावर काटा किती सरकेल, हे दोघांचं मिळून ठरलेलं असतं. नव्या इंजिनाबरोबर नवा सेन्सर आला आणि डॅशबोर्डवर जुनाच काटा राहिला, तर ८५ अंशांच्या पाण्यावर काटा ११० दाखवू शकतो. उलटही घडतं, आणि ते जास्त घातक आहे: काटा मध्यावर शांत बसलेला असतो आणि आत पाणी उकळत असतं. इंजिनाचं अर्थिंग नीट झालं नसेल तर हेडलाइट लावल्याबरोबर काटा वर उडी मारतो. पाण्याचं तापमान एका क्षणात तसं वाढूच शकत नाही, त्यामुळे हा दोष विजेचा आहे हे तिथल्या तिथे कळतं. सेन्सर अशा जागी बसवला असेल जिथे पाण्याऐवजी वाफ किंवा हवा अडकते, तर तो खरं तापमान सांगतच नाही. म्हणून दुसऱ्या साधनाने पडताळा घ्यावा. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन आता स्वस्त मिळते. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती खूप कमी आकडा दाखवते, म्हणून थर्मोस्टॅटच्या घराजवळ काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजावं.

पडताळ्यानंतर गाडी खरंच गरम होते असं ठरलं, तर मोठ्या रेडिएटरच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद नीट तपासू. तो असा: इंजिन जास्त ताकदीचं आलं, म्हणजे उष्णता जास्त, म्हणजे रेडिएटर मोठा हवा. यातली पहिली पायरीच डळमळीत आहे. उष्णता इंजिनाच्या आकारातून येत नाही, त्या क्षणी जळणाऱ्या इंधनातून येते. आणि इंधन किती जळेल हे गाडीला त्या क्षणी किती काम करायचं आहे यावर ठरतं. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळ मानाने एक हिस्सा चाकांकडे जातो, एक सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर पडतो आणि एक पाण्यात उतरतो. तीच जीप, तेवढंच वजन, तोच वेग असेल तर साठ अश्वशक्तीच्या इंजिनाला आणि नव्वद अश्वशक्तीच्या इंजिनाला साधारण तेवढंच काम करायचं असतं. फरक पडतो तो नव्वदच्या नव्वद अश्वशक्ती वापरल्या तर, आणि जीप चालवताना असे क्षण थोडे असतात. शिवाय जुन्या पेट्रोल इंजिनाची रचना पाहा. त्याच्या पुढच्या आवृत्तीत आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये होते, पण धूर सोडणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहिले होते. जळून आलेला तप्त वायू ब्लॉकमधल्या पाण्याच्या कप्प्यांना लागून बाहेर पडे आणि जाता जाता पाणी तापवी. डिझेल इंजिन तेवढ्याच कामाला इंधन कमी जाळतं आणि पाण्याला उष्णताही कमी देतं. म्हणजे जुन्या रेडिएटरला नव्या इंजिनाने जास्त ओझं दिलं असेलच असं नाही. कदाचित कमीच दिलं असेल.

हे केवळ तत्त्व म्हणून सोडून देण्यासारखं नाही, आकड्यांत पाहण्यासारखं आहे. माणसं आणि सामान धरून दीड हजार किलोची जीप दहास एक चढ ताशी ३० किलोमीटरने चढते आहे असं धरू. वजन वर उचलायला सुमारे १२ किलोवॉट लागतात. टायरचं घर्षण आणि थोडा वारा धरला तर चाकांवर १४-१५ किलोवॉट. आता तीच जीप सपाट रस्त्यावर ताशी ८० ने चालवा. जीपचा पुढचा भाग उभा आणि चौकोनी असल्यामुळे वाऱ्याचा अडथळा मोठा. तो आणि टायरचं घर्षण मिळून हिशेब पुन्हा १५ किलोवॉटच्या आसपासच येतो. म्हणजे दोन्ही प्रसंगी इंजिनाचं काम जवळपास सारखं, पाण्यात उतरणारी उष्णताही जवळपास सारखी. तरी हमरस्त्यावर काटा जागचा हलत नाही आणि घाटात चढतो. रेडिएटर दोन्हीकडे एकच आहे. बदलली ती हवा. सपाटीवर ताशी ८० ने वारा स्वतःच रेडिएटरच्या जाळीत घुसतो. घाटात ताशी ३० ने तो अपुरा पडतो, मागून वारा असेल तर जवळपास नाहीसा होतो, आणि सगळी भिस्त फॅनवर येते. १५ किलोवॉट उष्णता बाहेर टाकताना हवा ३० अंशांनी तापू द्यायची म्हटलं, तर दर सेकंदाला जवळपास अर्धा घनमीटर हवा जाळीतून गेली पाहिजे. तीच उष्णता वाहून न्यायला सेकंदाला एक लिटर पाणी पुरतं आणि त्याचं तापमान चार अंशही उतरत नाही. गाडी थंड ठेवण्यातलं अवघड काम हवेच्या बाजूला आहे, आणि इंजिन बदलताना सर्वांत जास्त मोडतोड त्याच बाजूला होते.

ती मोडतोड कशी होते हे समजून घेण्यासारखं आहे. मूळ गाडीत फॅन जाळीच्या मधोमध, तिच्यापासून थोड्याच अंतरावर असतो, आणि भोवती पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा श्राउड असतो. श्राउडमुळे फॅनची ओढ जाळीच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पोचते. नवं इंजिन लांबीला कमी निघालं तर फॅन जाळीपासून वीतभर मागे राहतो. उंचीला वेगळं निघालं तर फॅनचा मध्य जाळीच्या वरच्या किंवा खालच्या कडेकडे सरकतो. जुना श्राउड आता बसत नाही, म्हणून तो काढून कोपऱ्यात ठेवला जातो आणि तिथेच राहतो. श्राउडशिवाय फॅन पुढची हवा थोडी ओढतो. बरीचशी हवा इंजिनाच्या बाजूची, आधीच तापलेली, तीच पुन्हा पात्यांभोवती घुमवतो. मोजमाप घेऊन नवा श्राउड करून घेणं, पाती त्याच्या कडेच्या साधारण अर्धी आत आणि अर्धी बाहेर राहतील असं बसवणं, पाती आणि कडा यांच्यात फट थोडीच ठेवणं: पत्र्याचं काम करणाऱ्या कुठल्याही चांगल्या कारागिराच्या हातचं हे काम आहे, आणि घाटात गरम होणाऱ्या बदललेल्या गाड्यांपैकी कितीतरी एवढ्यानेच ताळ्यावर येतील. विजेचा फॅन लावला असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. तो जाळीच्या मागे असेल तर हवा इंजिनाकडे ओढणारा हवा, पुढे असेल तर ढकलणारा. वायर उलट्या जोडल्या की तो समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झगडत राहतो. जाळीपुढे कागदाचा तुकडा धरला की चटकन कळतं. आणि डब्यावर छापलेला हवेचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. दाट जाळीतून ओढताना त्यातला बराच भाग गळतो.

हवा आत येण्याइतकंच तिचं बाहेर जाणंही महत्त्वाचं, आणि याकडे फार थोडे लक्ष देतात. मोठं इंजिन बॉनेटखालची मोकळी जागा भरून टाकतं. जाळीतून आलेल्या हवेला खाली आणि मागे निघून जायला वाट उरली नाही तर आत दाब साचतो, आणि समोरचा वारा जाळीतून येण्याऐवजी तिच्या कडेच्या फटींतून, वरून, खालून निसटतो. म्हणून जाळी आणि ग्रिल यांच्यामधल्या फटी रबराच्या पट्टीने किंवा पत्र्याने बुजवणं हे मामुली दिसणारं काम वेगात गरम होणाऱ्या गाडीला मोठा फरक पाडतं. साधारण ताशी ५०-६० च्या वर फॅनचं महत्त्व ओसरतं. गाडी फक्त वेगात गरम होत असेल तर फॅन बदलून काही मिळणार नाही. हवेची वाट, पाण्याचा प्रवाह आणि जाळीची स्वच्छता तपासावी लागेल.

हवेची बाजू आणि पाण्याची बाजू वेगळी करणारी एक कसोटी आहे, आणि मला ती साऱ्या निदानातली सर्वांत मोलाची वाटते. गाडी गरम झालेली असताना रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होज पाइपच्या तोंडाशी तापमान मोजा. पंप धडधाकट असेल तर दोन्हींतला फरक बेताचा, पाच ते दहा अंशांच्या पट्ट्यात असतो. वर १०५ आणि खाली १०० असेल, तर पाणी भरपूर फिरतं आहे पण जाळीत उष्णता सोडू शकत नाही; दोष हवेत किंवा जाळीत. वर १०५ आणि खाली ७५ असेल, तर जाळी आपलं काम चोख करते आहे, पण तिच्याकडे पाणीच पुरेसं पोचत नाही. पहिल्या गाडीला नवा पंप घालणं व्यर्थ, दुसरीला मोठा रेडिएटर घालणं व्यर्थ. एका मापात निम्मी कारणं बाद होतात, तरी हे माप फार थोड्या ठिकाणी घेतलं जातं.

पाणी कमी फिरण्याची कारणं बदललेल्या इंजिनात खास असतात. पुली बदलल्या जातात: अल्टरनेटर किंवा पॉवर स्टिअरिंग जुळवायला दुसऱ्या मापाची पुली घातली की पंपाची, आमच्या गॅरेजांच्या भाषेत वॉटर बॉडीची, गती घटते. घाटात इंजिन कमी फेऱ्यांवर जोर लावत असतं तेव्हाच ही घट नडते. दुसरा दोष दिसत नाही म्हणून जास्त फसवा आहे. आधुनिक इंजिनात एकच लांब सपाट पट्टा अनेक पुलींवरून फिरतो, आणि काही इंजिनांत तो आपल्या पाठीने पंप फिरवतो. अशा पंपाची फिरण्याची दिशा इंजिनाच्या उलट असते आणि आतलं चक्रही त्याच दिशेचं बनवलेलं असतं. दोन वेगळ्या मॉडेलांचे पुढचे भाग एकत्र केले की पंप चुकीच्या दिशेने फिरू लागतो. गंमत म्हणजे पाणी तरीही त्याच दिशेने ढकललं जातं, कारण चक्र पाण्याला बाहेरच्या कडेकडे फेकतं ते दोन्ही दिशांना. पण जोर खूप कमी होतो. टोपण उघडून पाहणाऱ्याला पाणी हलताना दिसतं, तो समाधान मानतो, आणि दोष महिनोन्महिने लपून राहतो. तिसरं कारण खालचा होज पाइप. पंप तिथून पाणी ओढतो; मऊ पाइप वापरला, आतली तारेची स्प्रिंग राहून गेली, की इंजिन रेस करताच तो चपटा होतो आणि प्रवाह आवळला जातो. आणि इंजिन कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आलं असेल, तर ते किती काळ उघडं पडून होतं याचा विचार करावा. पाण्याच्या कप्प्यांत धरलेला गंज नव्या प्रवाहाने सुटतो आणि थोड्याच दिवसांत जाळीच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचा क्षार त्यात भर घालतो. क्षाराच्या थरातून उष्णता लोखंडाच्या मानाने कित्येक पटींनी सावकाश जाते. म्हणून इंजिन बसवण्याआधी ब्लॉक धुऊन घेणं आणि नंतर तयार कूलंटच वापरणं यावर तडजोड करू नये.

अडकलेली हवा हा स्वतंत्र विषय आहे. पाणी जिथे नाही तिथे उष्णता वाहून नेणारं काही नाही, आणि हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसते. मूळ गाडीत रेडिएटरचं टोपण सर्वांत उंच ठेवलेलं असतं. नव्या इंजिनाचं हेड त्याहून वर गेलं की हवेचा बुडबुडा हेडमध्येच राहतो, म्हणजे नेमका सर्वांत तापणाऱ्या जागी. याचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये ५.७ लिटरचं एलएस-१ हे व्ही-८ इंजिन आणलं. अ‍ॅल्युमिनियमचं, आकाराने आटोपशीर, म्हणून तिथले हौशी लोक ते माझ्दाच्या मियाटासारख्या चिमुकल्या गाड्यांतही बसवतात. या इंजिनाच्या दोन्ही हेडच्या टोकांना वाफ निघून जाण्यासाठी छोटी भोकं असतात, आणि त्यांतून बारीक नळी रेडिएटरच्या वरच्या भागाकडे किंवा उंचावरच्या टाकीकडे न्यावी लागते. बसवणाऱ्याने ही नळी निरुपयोगी समजून भोकं बुजवली, तर हेडमध्ये वाफेचे खिसे तयार होतात आणि रेडिएटर कितीही मोठा असला तरी इंजिन तापतं. आपल्या डिझेल जीपमध्ये अशी भोकं नसली तरी नियम तोच. सर्वांत उंच जागी हवा सोडायचा स्क्रू हवा, किंवा टोपणाची टाकी इंजिनाच्या वर न्यायला हवी. ते नसेल तर पाणी भरताना गाडी चढावर, तोंड वर करून उभी करावी.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो अनुभवी मिस्त्रींचा असल्याने हलक्यात घेता येत नाही. ते म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाका, आपल्या हवेत त्याची गरजच नाही. आम्ही काढले आणि गाड्या चालल्या. काही गाड्या चालल्या हे खरं आहे. अडकलेला थर्मोस्टॅट काढला की ती गाडी सुधारणारच, पण तिथे दोष त्या एका नगाचा होता आणि नवा घातला असता तरी सुधारली असती. सरसकट काढण्याने मात्र नुकसान होतं. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट दुहेरी काम करतो: रेडिएटरची वाट उघडतानाच तो इंजिनातल्या इंजिनात पाणी फिरवणारी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटताच परत ब्लॉकमध्ये जातो. चढावर नेमकं तेच नको असतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट पंपाच्या तोंडाशी असतो आणि हीटरच्या पाइपातून आलेलं गरम पाणी त्याला लागलं तरच तो वेळेवर उघडतो. जीपला हीटर नाही म्हणून ते तोंड बुजवलं की तो उशिरा उघडतो आणि मग दोष त्याच्या माथी मारला जातो. हीटरची दोन्ही तोंडं बुजवण्याऐवजी पाइपाने एकमेकांशी जोडावीत. पाणी फार वेगाने गेलं तर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही, हे कारणही ऐकू येतं; ते टिकत नाही. तेच पाणी पुन्हा पुन्हा जाळीतून जात असतं, आणि वेगवान प्रवाहात जाळीचा सगळा पृष्ठभाग जास्त गरम राहतो म्हणून उष्णता जास्तच सुटते. उरतं ते एवढंच, की थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही आणि सिलिंडरची झीज वाढते.

टोपणाबद्दल थोडक्यात. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर साधारण ९५-९६ वरच. टोपण ०.९ बारचा दाब धरून ठेवत असेल तर ही सीमा ११८ च्या आसपास जाते. जुन्या जीपची टोपणं याच्या जवळपास निम्म्या दाबाची होती, आणि आधुनिक इंजिन मात्र जास्त दाबाच्या भरवशावर बनवलेलं असतं. जुन्या पितळी रेडिएटरवर एकदम जास्त दाबाचं टोपण लावलं तर सोल्डरचे सांधे सुटतात. आधी रेडिएटरवाल्याकडून दाबाची चाचणी करून घ्यावी. आणि कुठलंही टोपण गरम असताना उघडू नये. सुटलेली वाफ चेहरा भाजते.

डिझेल इंजिन उभ्या उभ्या, न्यूट्रलवर गरम होत असेल तर मात्र वेगळीच चिंता करावी. न्यूट्रलवर डिझेल इतकं कमी जळतं की निरोगी इंजिन नीट तापायलाच वेळ घेतं. तिथेही काटा चढत असेल तर पंप फिरतच नाही, हवा अडकली आहे, किंवा हेड गॅस्केटमधून जळालेला वायू पाण्यात शिरतो आहे. तिसरी शक्यता थंड इंजिनावर तपासता येते: टोपण काढून गाडी सुरू केली आणि बुडबुडे थांबता थांबत नसतील, किंवा टोपण लावल्यावर पाणी गार असतानाच वरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल, तर संशय बळावतो. टोपणाच्या तोंडाशी येणाऱ्या वायूवर धरलं की रंग बदलणारं रसायनही मिळतं. आधीच्या मालकाच्या हातून एकदा उकळलेलं इंजिन विकत घेणाऱ्याने ही चाचणी इंजिन बसवण्याआधीच करवून घ्यावी. हेड प्लेन करण्याचा खर्च जमिनीवरच्या इंजिनाला बराच कमी येतो. डिझेल पंपाचं टायमिंग उशिरा बसलं असेल तर ताकद घटते आणि उष्णता वाढते, हेही याच वेळी पाहून घ्यावं. बंद केल्यावर दोन-चार मिनिटं काटा वर जातो, त्याने घाबरू नये. पंप थांबलेला असतो, तापलेल्या लोखंडातली उष्णता उभ्या पाण्यात उतरते. पाणी उकळून बाहेर येत नसेल तर तो दोष नाही.

एवढं सगळं पाहून झाल्यावर रेडिएटर खरोखर लहान आहे असं ठरू शकतं, आणि तेव्हा तो बदलायला माझी हरकत नाही. टर्बोचं, दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून ट्रेलर ओढणाऱ्याला तर तो बदलावाच लागेल. पण बदलतानाही जाडीआधी रुंदी-उंची पाहावी. जाड जाळीत पुढच्या ओळींनी तापवलेलीच हवा मागच्या ओळींना मिळते, त्यामुळे चौथी ओळ पहिलीच्या मानाने फार थोडं काम करते आणि हवेला अडथळा मात्र पुरता करते. तांबं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा उष्णता चांगली वाहतं, तरी अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर मागे पडत नाहीत, कारण त्यांच्या नळ्या रुंद करता येतात.

दुरुस्ती पुरी पडली की नाही हे गरम दिवसाची वाट न पाहताही काढता येतं. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यानंतर, ठरावीक चढावर आणि ठरावीक ओझ्यावर, पाणी बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश वर राहतं हा फरक जवळपास कायम असतो. डिसेंबरात २५ अंशांच्या हवेत तो घाट चढून माथ्यावर ९६ अंश आले तर फरक ७१ चा झाला. मे महिन्यात ४० अंशांच्या दुपारी तीच जीप त्याच माथ्यावर १११ च्या आसपास पोचेल. अर्ध्या बारचं टोपण आणि साधं पाणी असेल तर ते जवळपास तिथेच उकळतं. श्राउड बसवून, फटी बुजवून त्याच घाटात पुन्हा मोजलं आणि फरक ५५ वर आला, तर मेमधला आकडा ९५ निघतो.